विंचवाला ॲट्रोपीन का नाही?

(द्वितीय वर्ष, कला)

आमच्या वाडीत इंग्रजी वाचणारी माणसे थोडी आणि इस्पितळातून मिळणारे कागद सगळे इंग्रजीत. त्यामुळे वीर-दासगावच्या बाजूला कोणी बरे होऊन घरी आले, की त्याचा कागद वाचून दाखवण्याचे काम बहुधा माझ्याकडे येते. गेल्या उन्हाळ्याच्या तोंडाशी असे दोन कागद आठ-दहा दिवसांच्या अंतराने माझ्या हाती आले. पहिला शेजारच्या वाडीतल्या एका काकांचा. आंब्याच्या बागेत तुडतुड्यांवर औषध फवारताना ते कोसळले होते. त्यांच्या कागदावर एकच शब्द ओळीने खाली उतरत गेला होता: ॲट्रोपीन, ॲट्रोपीन, ॲट्रोपीन. दुसरा कागद एका सात वर्षांच्या मुलाचा. पडवीत रचलेला लाकूडफाटा ओढताना त्याला लाल विंचू चावला. त्याच्या कागदावर ॲट्रोपीनचे नावही नव्हते. होती ती प्राझोसिन नावाची एक गोळी.

दोघेही वाचले. पण मुलाच्या आईच्या मनात एक गोष्ट सलत राहिली. "दोघांचं अंग सारखंच घामानं भिजलेलं. दोघांच्या तोंडाला सारखीच लाळ, दोघांना सारख्याच वांत्या. त्यांना एवढ्या सुया टोचल्या, न् माझ्या पोराला नुसती गोळी? आमची वळख नाय म्हणून का?" असे तिने मला विचारले. प्रश्न रागाचा होता, पण तितकाच तो शास्त्राचाही होता. लक्षणे सारखी असताना औषध वेगळे का? खेड्यात इंजेक्शन म्हणजे उपचार आणि गोळी म्हणजे बोळवण, अशी समजूत खोल रुजलेली आहे. अशी शंका मनात घेऊन माणसे परतली, की पुढच्या खेपेला ती इस्पितळाऐवजी भगताकडे जातात, किंवा सुई टोचणाऱ्या कोणाही माणसाकडे जातात. म्हणून या प्रश्नाच्या मागे लागलो. मी कला शाखेचा विद्यार्थी. औषधशास्त्रात माझा अधिकार नाही. जे समजून घेता आले, तेवढेच मित्रांपुढे ठेवत आहे.

प्रथम या ॲट्रोपीनची ओळख करून घेऊ. ते परके वाटत असले तरी त्याचा एक नातलग आपल्या बांधावर उभा आहे. महाशिवरात्रीला महाडच्या वीरेश्वराला आपण धोतऱ्याचे फूल वाहतो, त्याच धोतऱ्यात ॲट्रोपीन व त्याची भावंडे असलेली द्रव्ये असतात. धोतऱ्याचे संस्कृत नाव कनक. आयुर्वेदात दम्यावर देतात ते कनकासव याच झाडावरून नाव घेऊन आलेले आहे. धोतऱ्याची वाळलेली पाने जाळून त्याचा धूर दमेकऱ्याला देण्याची रीतही आपल्याकडे जुनी. युरोपात याच कुळातली बेलाडोना नावाची वनस्पती होती. बेलाडोना म्हणजे सुंदर स्त्री. तिचा रस डोळ्यांत घातला की बाहुल्या मोठ्या होतात आणि डोळे टपोरे दिसतात, म्हणून तेथील स्त्रिया तो वापरीत, असे सांगतात. तिच्या मुळांतून शुद्ध ॲट्रोपीन वेगळे काढले ते १८३१ साली माइन नावाच्या जर्मन औषधविक्रेत्याने. नाव मात्र ग्रीक पुराणातले. माणसाच्या आयुष्याचा धागा कापणारी जी दैवता, तिचे नाव ॲट्रोपॉस. आज हेच द्रव्य जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे.

धोतऱ्याचे बी पोटात गेलेला माणूस कसा दिसतो, हे गावात वडीलधाऱ्यांना विचारावे. तोंडाला कोरड पडते, कातडी लाल व तापलेली होते, घाम येत नाही, लघवी अडते, बाहुल्या विस्फारतात आणि माणूस हवेत काहीतरी वेचू लागतो. जुन्या काळी वाटसरूंना अन्नातून धोतरा देऊन लुबाडीत. ही सगळी लक्षणे म्हणजे ॲट्रोपीनचेच काम, फक्त बेहिशेबी मात्रेत. ते शरीर कोरडे करते, नाडी वाढवते, आतड्यांची हालचाल मंदावते. हिशेबात दिले तर याच गोष्टी औषध ठरतात.

हे का घडते, याचा उलगडा १९२१ साली ऑस्ट्रियातील ग्राझ येथे ऑटो लोवी या शास्त्रज्ञाने केला. प्रयोग त्यांना स्वप्नात सुचला, अशी त्याची कथा आहे. त्यांनी बेडकांची दोन हृदये मिठाच्या द्रावणात धडधडत ठेवली. पहिल्या हृदयाकडे जाणारी एक विशिष्ट नस विजेने उत्तेजित केली, तेव्हा त्याचे ठोके मंदावले. त्या हृदयाभोवतीचे पाणी त्यांनी दुसऱ्या हृदयाला दिले. तर त्या नसेला हातही न लावता दुसरे हृदयही मंदावले. म्हणजे नस आपला निरोप एका रसायनाच्या हाती पाठवते. ते रसायन पुढे ॲसिटिलकोलीन म्हणून ओळखले गेले. ॲट्रोपीन दिले तर मात्र निरोप पोचूनही हृदयावर परिणाम होत नसे. या शोधासाठी लोवी व हेन्री डेल यांना १९३६ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

निरोप पोचतो, पण परिणाम होत नाही, हे कसे? आपणा एस. टी. ने येणाऱ्या विद्यार्थ्यांना हे समजावून सांगण्याची गरज पडू नये. गाडी महाड स्टँडवर लागली, की खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात. रुमाल काही प्रवास करत नाही. पण तो आहे तोवर दुसऱ्याला बसता येत नाही. ॲट्रोपीन म्हणजे हा रुमाल. लाळेच्या ग्रंथी, घामाच्या ग्रंथी, श्वासनलिका, आतडी, मूत्राशय, डोळ्याची बाहुली आणि हृदय या ठिकाणी ॲसिटिलकोलीनसाठी ठरलेल्या जागा असतात. त्यांवर ॲट्रोपीन जाऊन बसते, पण स्वतः काहीही करत नाही. ॲसिटिलकोलीन उभेच राहते. या दृष्टान्तातल्या दोन गोष्टी पुढे उपयोगी पडतील. एक म्हणजे गर्दी फार असेल तर रुमालही फार लागतात. दुसरी म्हणजे हे रुमाल याच गाडीत चालतात. हातापायांच्या व छातीच्या स्नायूंवर ॲसिटिलकोलीनच्या ज्या जागा आहेत त्या वेगळ्या घडणीच्या असतात, तेथे ॲट्रोपीन बसत नाही.

या कुळातली औषधे आपल्या घरांतूनही वावरत असतात, फक्त आपण त्यांना ओळखत नाही. पोटात मुरडा आला की घेतात ती डायसायक्लोमीनची गोळी, दमेकऱ्याच्या वाफेत घालतात ते इप्राट्रोपियम, लहान मुलाला चष्मा लावण्यापूर्वी डोळ्यांत घालतात तो थेंब किंवा मलम, गाडी लागू नये म्हणून दिले जाणारे हायोसीन, ही सगळी त्याच घराण्यातली. शस्त्रक्रियेपूर्वी लाळ कमी व्हावी म्हणून आणि हृदयाचे ठोके फार मंदावले तर ते वाढावेत म्हणून ॲट्रोपीनची सुई देतात. म्हाताऱ्या माणसांना मात्र ही औषधे जपून द्यावी लागतात. लघवी तुंबते, कधी भ्रम होतो, काचबिंदू असेल तर डोळ्याला इजा होते.

आता त्या काकांकडे येऊ. शेतीत वापरली जाणारी कित्येक कीटकनाशके सेंद्रिय फॉस्फरसयुक्त जातीची असतात. ॲसिटिलकोलीनने निरोप दिला, की त्याला तिथल्या तिथे मोडून टाकणारे एक एन्झाइम शरीरात असते. गाडीतून उतरलेल्यांना स्टँडबाहेर काढणारा शिपाई म्हणा ना. कीटकनाशक या शिपायाचे हात बांधते. मग ॲसिटिलकोलीन साचत जाते आणि जेथे जेथे त्याची जागा आहे तेथे तेथे हुकूम सुटत राहतात: लाळ गाळा, घाम गाळा, आतडी पिळा, श्वासनलिकांत पाणी सोडा, हृदय मंद करा. रोगी स्वतःच्याच छातीतल्या पाण्यात बुडू लागतो. हे विष पिऊनच अंगात जाते असे नाही. उघड्या अंगावर फवारा उडाला, वाऱ्याच्या तोंडाशी उभे राहून फवारले, तरी ते कातडीतून व श्वासातून आत शिरते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले आणि शेकडो इस्पितळात पडले, ही बातमी आपल्यापैकी पुष्कळांना आठवत असेल. आपल्याकडे कपाशी नाही, पण पंप तोच, बाटल्याही बहुधा त्याच, आणि तोंडाला बांधायला टॉवेल.

अशा वेळी ॲट्रोपीन हेच पहिले औषध. आणि ते किती द्यावे लागते हे पाहिले, म्हणजे त्या कागदावरची ओळ का लांबली ते कळते. आपल्याकडे ॲट्रोपीनची एक कुपी ०.६ मिलिग्रॅमची असते. शस्त्रक्रियेपूर्वी एक कुपी पुरते. विषबाधेत सुरुवातच तीन ते पाच कुप्यांनी होते आणि गुण दिसला नाही तर दर पाच मिनिटांनी मात्रा दुप्पट करतात. तीन, सहा, बारा, चोवीस. पंधरा मिनिटांत पंचेचाळीस कुप्या, म्हणजे २७ मिलिग्रॅम. निरोगी माणसाला एवढे दिले तर तो धोतरा खाल्ल्यासारखा बरळू लागेल. येथे मात्र गर्दीच एवढी असते की रुमाल कमी पडतात. डॉक्टर छातीला नळी लावून घरघर थांबली का ऐकतात, नाडी ऐंशीच्या वर गेली का, रक्तदाब सावरला का ते पाहतात आणि काखेत हात घालून ती कोरडी झाली का हेही पाहतात. काखेत हात घालणारे डॉक्टर पाहून काकांच्या मुलाला चमत्कारिक वाटले होते. त्यात एवढा अर्थ होता. तेवढे करूनही श्वासाचे स्नायू लुळे पडू शकतात. ते ॲट्रोपीनच्या हातातले नाही, कारण त्या जागा त्याच्या नव्हेत. त्यासाठी श्वास देणारे यंत्रच लागते.

विंचवाकडे वळण्यापूर्वी नागाचे दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण तेथेही ॲट्रोपीन आहे, पण दुय्यम भूमिकेत. नागाचे विष स्नायूंवरच्या ॲसिटिलकोलीनच्या जागा बळकावते. पापण्या जड होतात, मान टाकली जाते, श्वास थांबत येतो. मुख्य उपचार सर्पविषावरच्या लशीचा. आपल्या देशात मिळणारी ही लस नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चौघांवर मिळून असते. तिच्या जोडीला निओस्टिग्मिन देतात. ते काय करते? त्या शिपायाचे हात थोडा वेळ बांधते. म्हणजे जे कीटकनाशकाने बेसुमार केले, तेच येथे मापात केले जाते, ॲसिटिलकोलीन वाढावे आणि त्याने विषाला रेटून स्नायूंवर जागा मिळवावी म्हणून. पण ते वाढले की लाळ, घाम आणि मंद नाडी हे सगळे मागून येणारच. म्हणून आधी ॲट्रोपीनची एक सुई देऊन त्या जागा धरून ठेवतात. मला तर ही योजना वाचून बुद्धिबळाच्या डावाची आठवण झाली. मण्यारीच्या दंशात मात्र ही युक्ती सहसा चालत नाही, कारण तिचे विष निरोप पाठवणारे नसेचे टोकच निकामी करते.

विंचवाचे दुखणे आपल्याला नवे नाही. नाथांच्या भारुडात विंचू आहे आणि त्यात घामाचाही उल्लेख आहे. पण ज्यात माणूस दगावतो तो विंचू मोठा काळा नव्हे. काळा विंचू दिसायला भयंकर, पण त्याच्या दंशात बहुधा वेदनाच फार. घातक तो लहानखुरा लाल विंचू. जांभ्या दगडाच्या फटी, पेंढ्याच्या उडव्या, लाकडे, चपला, छपराचे वासे या जागा त्याच्या. उन्हाळ्यात आणि भातकापणीच्या दिवसांत त्याचे दंश वाढतात. पूर्वी आपल्या भागात मुले विंचू चावून मरत, आणि ते नशिबाचे म्हणून सोडून दिले जाई.

ते नशिबावर सोडायला ज्यांनी नकार दिला ते डॉ. हिंमतराव बावस्कर. जालना जिल्ह्यातल्या देहेड या खेड्यातल्या गरीब घरातून शिकून ते १९७६ साली महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर म्हणून आले. त्यांच्या 'बॅरिस्टरचं कार्टं' या आत्मचरित्राने त्यांचे नाव मराठी वाचकांना परिचित आहेच. बिरवाडीत त्यांच्यासमोर मुले विंचवाने दगावत होती आणि पुस्तकांतून त्याविषयी फारसे काही हाती लागत नव्हते. तेव्हा त्यांनी रोग्यापाशी बसून राहायला सुरुवात केली. तासातासाला नाडी, रक्तदाब, हातपायांचा गारवा, घाम यांची टिपणे केली. त्यांतून निघालेला लेख १९८२ साली 'लॅन्सेट' या लंडनच्या वैद्यकीय साप्ताहिकात छापून आला. आपल्या तालुक्यातल्या खाटांवरची निरीक्षणे जगातल्या डॉक्टरांनी वाचली, ही गोष्ट मला आपल्या चवदार तळ्याखालोखाल अभिमानाची वाटते. (इतिहासाच्या प्राध्यापकांनी ही तुलना सोडून द्यावी.)

त्यांना काय दिसले? लाल विंचवाचे विष नसांच्या टोकांवरची दारे उघडी टाकते, त्यामुळे नसांतला साठा एकदम बाहेर लोटला जातो. आणि येथेच कीटकनाशकाहून फरक पडतो. कीटकनाशकात फक्त ॲसिटिलकोलीन साचते. विंचवात दोन्ही प्रकारच्या नसा खवळतात. शरीराला शांत करणाऱ्या परानुकंपी नसांतून ॲसिटिलकोलीन सुटते. म्हणून आरंभी वांत्या, लाळ, भिजवून टाकणारा घाम आणि कधी मंद नाडी. हे रूप हुबेहूब फवारणीच्या विषबाधेसारखे. पण त्याच वेळी शरीराला चेतवणाऱ्या अनुकंपी नसांतून व मूत्रपिंडांवरच्या ग्रंथींतून ॲड्रेनॅलिन व नॉरॲड्रेनॅलिन यांचा पूर येतो, आणि तो मागून, जास्त वेळ टिकतो. रक्तवाहिन्या आवळतात, हातपाय बर्फासारखे गार पडतात, रक्तदाब चढतो, हृदय आवळलेल्या वाहिन्यांविरुद्ध झगडून थकते आणि फुप्फुसांत पाणी साचते. शेवटी तोंडातून गुलाबी फेस. मूल मरते ते या दुसऱ्या लाटेने.

पहिली लाट पाहून ॲट्रोपीन देण्याचा मोह कोणालाही होईल, आणि पूर्वी ते देतही असत. घाम आटतो, वांत्या कमी होतात, नातेवाइकांना बरे वाटते. पण कशेडी घाट उतरणाऱ्या भरल्या ट्रकचा विचार करा. ॲड्रेनॅलिन म्हणजे तो उतार. हृदयाला मंद ठेवणारी परानुकंपी नस म्हणजे ब्रेक. ॲट्रोपीन तो ब्रेकच काढून घेते. ठोके आणखी वाढतात, रक्तदाबाचा भार वाढतो, घाम बंद झाल्याने अंगातली उष्णता बाहेर पडण्याची वाटही बंद होते. कोरडे दिसू लागलेले मूल आतून अधिक बुडत असते. म्हणून विंचूदंशात ॲट्रोपीन टाळावे असे डॉ. बावस्करांनी पुन्हापुन्हा लिहिले. नाडी फारच मंदावून रक्तदाब कोसळला तर गोष्ट वेगळी. ते डॉक्टरांनी ठरवायचे.

मग उपाय उताराचाच करायला हवा. प्राझोसिन ही मूळ उच्च रक्तदाबावरची साधी, स्वस्त गोळी. नॉरॲड्रेनॅलिनसाठी रक्तवाहिन्यांवर ज्या जागा असतात, त्या ती धरून बसते. म्हणजे हाही एक रुमालच, पण दुसऱ्या गाडीतला. आवळलेल्या वाहिन्या सैल होतात, हृदयावरचे ओझे उतरते. डॉ. बावस्कर व त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी १९८३ च्या सुमारास महाड भागात तिचा वापर सुरू केला आणि १९८६ साली तो अनुभव 'लॅन्सेट'मध्ये मांडला. त्यापूर्वी गंभीर रोग्यांपैकी शेकडा तीसच्या आसपास दगावत. या गोळीनंतर ते प्रमाण तीनच्या आत आले. पुढे विंचवाच्या विषावरची लसही आली. ती प्राझोसिनच्या जोडीला दिली तर रोगी अधिक लवकर सावरतो, हे महाड येथील सत्तर रोग्यांच्या अभ्यासावरून २०११ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झाले. २०२२ साली डॉ. बावस्करांना पद्मश्री मिळाली.

तेव्हा मुलाला नुसती गोळी मिळाली ती ओळख नव्हती म्हणून नव्हे. ती गोळी या तालुक्याने जगाला दिलेली होती. माझी तक्रार एवढीच, की हे चार वाक्यांत मराठीतून सांगायला कोणाला वेळ झाला नाही. खाटेपाशी बसलेल्या आईला एवढे तरी कळावे की दोन माणसे सारखीच भिजलेली असली तरी त्यांच्या हातापायांना हात लावून पाहिले तर विंचवाचा रोगी गार लागतो.

ज्यांच्या घरी अशी वेळ येईल त्यांच्यासाठी थोडे. फवारणीत कोणी पडला तर त्याचे कपडे काढून अंग साबणपाण्याने धुवावे आणि औषधाची बाटली इस्पितळात बरोबर न्यावी. बाटलीवरच्या नावावरून डॉक्टरांचा वेळ वाचतो. विंचू चावला आणि फक्त जागेवरच ठणका असला, हातपाय गरम असले, तर घाबरण्याचे कारण कमी. पण वांती, घाम, लाळ किंवा गार पडलेले हातपाय यांपैकी काहीही दिसले, तर उतारा, चिरा, दोरी यांत वेळ न घालवता निघावे आणि चावल्याची वेळ लक्षात ठेवावी. वाटेत कोणी ॲट्रोपीनची सुई टोचली असेल तर तेही न लपवता सांगावे. प्राझोसिन दिल्यावर रोग्याला उठवून बसवू नये, लघवीलाही चालवत नेऊ नये; पहिल्या मात्रेनंतर रक्तदाब एकाएकी उतरून तो पडू शकतो. मुलाने पाणी मागितले तर आडवे असतानाच पाजावे. गोळी दर तीन तासांनी पुन्हा देतात, आणि हातपाय गरम झाले की थांबवतात.